माझ्या नावानं काढलेला हेल

माणूस गेल्यावर लोक त्याच्याबद्दल किती चांगलं बोलतात! ऐकायला फक्त तोच नसतो. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चाललेला, त्याला त्यातलं एक अक्षर कळू नये, ही काय व्यवस्था झाली? मला हे लहानपणापासून खटकत आलंय. पण यंदाच्या थंडीत मला ते भाग्य लाभलं. आमच्याकडं मयताला बायका सुरात, ओळीला ओळ जोडत रडतात, त्याला हेल काढणं म्हणतात. माझ्या सख्ख्या बहिणीनं माझ्या नावानं काढलेला हेल मी माझ्या कानांनी ऐकला, तोही न्हाणीघरात, डोक्याला साबण फासून उभा असताना. याला कारण झालं एक इंग्रजी गाणं.

आधी गाणं घरात कसं आलं ते सांगतो. माझी लेक पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे. दिवाळीच्या आधी तिचं लग्न ठरलं. मुलगा वाशीचा, नोकरीला पुण्यातच. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि मग आम्हाला कळवलं की आता तुम्हीही पसंत करा. आम्ही केलं. सास्तुरात, आमच्या दारात मांडव घालून, गावाला जेवू घालून साखरपुडा झाला. दिवाळी उलटली आणि मुलानं लेकीला फोन करून सांगितलं की लग्नाला त्याचं मन होत नाही. मन न होण्याचं कारण त्याच्याच ऑफिसात बसत होतं, हे आम्हाला पुढं समजलं. लेक घरून काम करायची परवानगी काढून, लॅपटॉप घेऊन सास्तूरला आली.

आता अशा वेळी घरानं काय करायचं याचा काही रिवाज नाही. माणूस मेलं तर सगळं ठरलेलं असतं. कोणी कुठं बसायचं, कोणी काय आणायचं, चूल कधी पेटवायची, सगळं लोक न विचारता करतात. ठरलेलं लग्न मोडलं तर काहीच ठरलेलं नाही. मग आम्ही सगळे मिळून असं धरून चाललो की काही झालेलंच नाही, आणि झालं असेल तर ते बरंच झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढता काढताच म्हणायचा, "सुटलीस बघ, पोरी." मग चहा येईपर्यंत मुलाचे दोष निघायचे.

या कामात माझी थोरली बहीण सगळ्यांच्या पुढं. तिला आम्ही आक्का म्हणतो. तिला जवळच, माकणीला दिलेली, त्यामुळं येणं-जाणं सोपं. "नाक बगितलं हुतं का त्याचं?" ती म्हणायची, "म्या तवाच म्हणलं हुतं." तिनं तेव्हा काही म्हटलं नव्हतं. साखरपुड्यात त्या नाकासकट त्याची दृष्ट काढणारी तीच होती. पोरगी वाचली म्हणून ती तुळजापूरला जाऊन देवीची ओटी भरून आली आणि प्रसाद आणून लेकीच्याच हातावर ठेवला.

मी गणिताचा मास्तर, आता निवृत्त. मी लेकीला समोर बसवून पायरी-पायरीनं पटवून दिलं की जे लग्नानंतर कळायचं ते लग्नाआधी कळलं, म्हणजे हा निव्वळ फायदा आहे. माझी बायको अजून शाळेत शिकवते, पण घरात तिचा विश्वास बोलण्यावर नाही, तेलातुपावर. धपाटे, शेंगापोळ्या, शेंगदाण्याचे लाडू असं एकेक करून ती लेकीच्या पुढ्यात ठेवायची. लेक माझ्या फायद्याला "हो" म्हणायची, धपाट्याचा कोपरा मोडायची आणि ताट बाजूला सारायची.

ती रडली नाही. एकदाही नाही. आक्का कौतुकानं म्हणायची, "पोरगी लई घट हाय," आणि आम्ही माना डोलवायचो. खरं सांगायचं तर मला त्या न रडण्याची भीती वाटायला लागली होती. परीक्षेला पेपर कोरा ठेवून बसलेल्या मुलाचा चेहरा असतो ना, तसा तिचा चेहरा असायचा. अशा मुलाला काय येत नाही ते विचारता तरी येतं. हिला काय विचारावं ते कळत नव्हतं.

रडायचं काम तिच्या वतीनं एक गोरा करत होता. एक गिटार, मागं हळूहळू वाजणारा ढोल आणि भरल्या गळ्याचा एक माणूस. गाणं संपलं की तेच पुन्हा सुरू. जगभर गाजलेलं आहे म्हणे. त्या प्रकाराला 'सॉफ्ट रॉक' म्हणतात असं लेकीनं सांगितलं. मी म्हटलं, "रॉक म्हणजे दगड. मऊ दगड कुठं बघितलायस?" एरवी तिनं मला तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं. आमच्या घरात ती एकटीच मला पुरून उरते. या वेळी नुसतं बघितलं.

"काय म्हणतो काय तो?" मी विचारलं.

"तो म्हणतो, वाईट वाटायला लागलं की तो दुःखी गाणी लावतो. मग त्याला बरं वाटतं."

"आणि हे गाणं कसलं आहे?"

"दुःखीच."

"म्हणजे दुःखी गाण्यानं बरं वाटतं असं सांगणारं दुःखी गाणं. हे म्हणजे औषधाच्या बाटलीतून औषधाची जाहिरात पाजल्यासारखं झालं."

"पप्पा, ते गाणं आहे. गणित नाही."

तिच्या तोंडून एवढं वाक्य बऱ्याच दिवसांनी आलं होतं, म्हणून मी खूश झालो. उत्साहाच्या भरात तिला उडत्या चालीची गाणी लावून दिली, लग्नाच्या वरातीत वाजतात तसली. काय लावतोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि शांतपणे विचारलं, "झालं?" आणि पुन्हा तिचा गोरा सुरू झाला.

याच सुमारास मला लातूरला जाऊन यावं लागलं. छातीत कळ येत होती. डॉक्टरांनी यंत्राला लावलं, रक्त काढलं आणि शेवटी अपचन आहे असं सांगितलं. असणारच. लेकीनं सारलेले धपाटे वाया जाऊ नयेत म्हणून ते मी संपवत होतो. पण गावात बातमी अर्धीच पोचली. मास्तरांना छातीत दुखतंय म्हणून लातूरला नेलंय, एवढं सगळ्यांना कळलं. मास्तर परत आलेत, हे कुणाला सांगण्यासारखं वाटलं नसावं.

मग तो शनिवार उजाडला. सकाळची शाळा म्हणून बायको लवकर गेली. वर्गात असताना तिचा फोन पर्सच्या तळाशी मुका पडलेला असतो. लेकीनं स्वतःचा फोन बंद करून ठेवला होता, कारण त्यावर अजूनही "सुटलीस बघ" म्हणणारे फोन येत होते. गाण्यासाठी तिनं माझा फोन घेतला आणि मधे कुणाचा फोन येऊन गाणं तुटू नये म्हणून विमानात बसल्यावर करतात तसा तो करून ठेवला. तो जोडला स्पीकरला. स्पीकर तिनंच पहिल्या पगारातून मला आणून दिलेला, दिसायला डब्याएवढा, पण आवाज मोठा. थंडी होती म्हणून दार लोटलेलं, स्पीकर खिडकीत. मी पाणी तापेपर्यंत पेपर वाचला आणि अंघोळीला गेलो.

इथं गावाची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं घरात मयत झालं की दारात स्पीकर ठेवून संथ चालीची भजनं लावतात. सकाळच्या वेळी एखाद्या घरातून तसा सूर यायला लागला की शेजारपाजारचे हातातलं काम खाली ठेवतात. त्यात त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं आमचं गाव. रुंद रस्ते, एकसारखी घरं रांगेनं उभी, आवाज अडायला मधे काही नाही. लांबून शब्द कळत नाहीत, सूर तेवढा कानावर येतो. पलीकडच्या शेजारणीनं सकाळपासून आमच्या घरातून एकच रडका सूर ऐकला, बंद दार पाहिलं, लातूर आठवलं आणि बेरीज केली. मला फोन लावला, बंद. लेकीला लावला, बंद. बायकोला लावला, उचलत नाही. मग तिनं माकणीला आक्काला लावला. तेव्हा तिनं "मास्तर गेले का हो?" असं विचारलं, की "मास्तर गेले हो" असं सांगितलं, यावर त्या दोघींचं अजून एकमत झालेलं नाही.

आक्काचा हेल आसपासच्या गावांत नावाजलेला आहे. मयताच्या घरी ती आल्याशिवाय रडणं रंगत नाही, असं मी तिला चिडवत असतो. गेलेल्या माणसाचं शेत, बैल, त्यानं कधी कुणाला दिलेलं पाणी, सगळं ती ओळीत बसवते आणि आयुष्यभर त्या माणसाचा राग करणारेही डोळे पुसायला लागतात. एकदा मी तिला विचारलं, "अगं, त्या म्हाताऱ्याशी तुझं बांधावरून भांडण होतं. त्याच्या नावानं कशाला एवढा गळा काढलास?"

"भांडण जित्याशी आसतंय," ती म्हणाली. "मेल्यावर माणसाचं चांगलंच बोलायचं. आन् तू भूकंप बगितलास की रं. तवा ज्याला त्याला आपलंच पडलं हुतं. कोन कुनाच्या दारात जाऊन रडनार? लई मानसं बिगर रडायची गेली. तवापास्नं म्या कुनाचंबी चुकवत न्हाय."

त्यावर मी तिला चिडवायचं बंद केलं. अर्थात त्या दिवसापुरतंच.

तर त्या शनिवारी मी डोक्याला साबण लावला आणि बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ आक्काचा सूर. "आगं माज्या बाई गंऽऽ!" मला वाटलं, दाजी गेले. मी घाईनं तांब्या उचलला, तोच पुढची ओळ आली.

"माज्या पाठच्या भावा रंऽऽ, मला टाकून कुटं गेलास रंऽऽ!"

आक्काला भाऊ मी एकटाच. डोळ्यांत साबण झोंबत असताना मी विचार केला आणि गेलेला मीच आहे हे माझ्या लक्षात आलं.

तडक बाहेर जाऊन खुलासा करायला हवा होता, हे मलाही कळतं. पण तेवढ्यात ती म्हणाली, "माज्या भावानं माजा शबुद कदी खाली पडू दिला न्हाय रंऽऽ!" मी तिचं एक ऐकत नाही, हे ती मला जन्मभर ऐकवत आली आहे. मी तांब्या आवाज न करता खाली ठेवला. "दिवाळीला जरीचं लुगडं आनायचा रंऽऽ!" गेल्या दिवाळीला मी नेलेली साडी तिनं माझ्यादेखत जावेला देऊन टाकली होती. "शिकवून शिकवून गाव शानं केलं रंऽऽ!" आता तर मला न्हाणीतून हलवेनाच. अंगावरचं पाणी गार पडत होतं, दात वाजत होते, पण असं पुन्हा कधी ऐकायला मिळणार? आणि पुन्हा जेव्हा ही संधी येईल तेव्हा मी ऐकायला असणार नाही. म्हटलं, अजून एक ओळ ऐकू आणि मग जाऊ.

पुढच्या खोलीत काय चाललं असेल ते आवाजावरून कळत होतं. लेकीनं दार उघडलं होतं आणि आक्कानं तिला छातीशी गच्च आवळलं होतं. "आत्या, अहो पण..." असं ती मधूनमधून म्हणत होती, पण आक्काच्या मिठीत माणसाला फार बोलता येत नाही. तिच्यासोबत आलेल्या बायका, पाठोपाठ आत शिरलेली शेजारीण, सगळ्याच मुसमुसत होत्या. स्पीकर चालूच होता. आक्कानं नकळत त्याच पट्टीत गळा लावला होता. गोऱ्याची ओळ संपायची, नुसती गिटार वाजायची आणि त्या मोकळ्या जागेत आक्का शिरायची. तालीम केल्यासारखं दोघांचं जमून गेलं होतं.

आणि मग तिनं ती ओळ म्हटली. "आता तुज्या लेकीकडं कोन बगंल रंऽऽ? लेकराचं ठरल्यालं मोडलं रंऽऽ, दारातला मांडव वाऱ्यानं न्हेला रंऽऽ!"

लेकीचं "अहो पण" बंद पडलं. साखरपुडा मोडल्यापासून आमच्या घरात हे कुणी उच्चारलं नव्हतं. सुटलीस म्हणालो होतो, वाचलीस म्हणालो होतो, फायदा झाला म्हणालो होतो. मोडलं, असं कुणी म्हणालं नव्हतं. क्षणभर नुसती गिटार ऐकू आली आणि मग एक नवा आवाज सुरू झाला, जो मला आधी ओळखूच आला नाही. लहानपणी गुडघा फुटला की ती आधी श्वास धरून ठेवायची आणि मग एकदम सोडायची. तशी माझी लेक रडत होती.

मी पंचा गुंडाळला, ओल्या अंगावर बनियन चढवलं आणि डोक्यावरच्या फेसासकट पुढच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

शेजारीण किंचाळली. एका बाईनं मला हात जोडले. आक्काची ओळ अर्ध्यात तुटली. तिनं मला पायापासून वर बघत आणलं आणि फेसापाशी थांबली.

"जित्ता हाईस?"

"हाय."

"मंग सांगायचं न्हाय व्हय रं, मुडद्या!" ती उसळली. "माकनीपास्नं रडत आले म्या! रिक्षावाल्यालाबी रडिवलं! फोन बंद, दार बंद, आन् भजन लावलंय खिडकीत!"

"ते भजन नाही, आक्का. इंग्रजी गाणं आहे."

"मग इंग्रज मेला का काय?"

शेजारीण पदरात तोंड लपवून हसायला लागली. मग बाकीच्या. मग आक्काही हसली, माझ्या ओल्या दंडाला दोनदा हात लावून बघितला आणि कपाळावर बोटं मोडली. मीही हसलो. मेलेला माणूस परत आला की घरात जरा सणासारखं वाटतंच. पण या सगळ्यात लेक रडायची थांबली नव्हती. ती भिंतीशी बसली होती, गुडघ्यात डोकं घालून, आणि तिची पाठ हलत होती.

मी माझ्या स्वभावाप्रमाणं समजावायला गेलो. "अगं, मी आहे की. बघ तरी. आता रडायचं कारण उरलं का?"

ती मान हलवत राहिली. आक्कानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुज्यासाटी न्हाय रडत ती," आक्का म्हणाली. "सरक तिकडं."

ती लेकीला लागून बसली, पदरानं स्वतःचं तोंड पुसलं, घसा साफ केला. ही तयारी मला ओळखीची होती. मी घाबरून विचारलं, "आक्का, अगं, आता कुणाच्या नावानं?"

"जे मेलंय त्येच्या," ती म्हणाली. "मांडव घातला, पोरीला हळदकुंकू लावलं, गाव जेवलं. ते आता न्हाय, मंजे गेलंच की. त्येला रडलं का कुनी? आमी समदी दात काडत बसलो. आन् म्या बावळट ओटी भरून आले."

आणि तिनं सूर लावला. आता मेलेल्याचं चांगलंच बोलायचं, हा तिचा नियम. मी कान टवकारले, कारण जे नाक तिनं तालुकाभर मिरवलं होतं त्याचं ती काय करते, हे मला बघायचं होतं. "उंचापुरा जावई हुता गंऽऽ," आक्का म्हणाली, "आल्या आल्या पायावर डोकं ठिवायचा गंऽऽ, माज्या हातची भाकर मागून खायचा गंऽऽ!" नाक कुठंच आलं नाही.

लेकीनं गुडघ्यांतून डोकं वर काढलं. "आत्या, तुम्हाला तर तो आवडत नव्हता."

"आवडत हुता की गं. लई आवडत हुता. तुला सोपं जावं म्हनून नावं ठिवत हुते."

"मला पण लई आवडायचा, आत्या."

पुण्याला गेल्यापासून ती 'लई' म्हणत नाही, 'खूप' म्हणते. त्या दिवशी तिला 'खूप' सुचलंच नाही. मग ती बोलायला लागली. ऑफिसातून उशिरा सुटली की तो स्टॉपवर येऊन उभा राहायचा. तिला ताप आला तेव्हा त्यानं खिचडी केली आणि मीठ टाकायला विसरला, आणि तिनं ती गुपचूप संपवली. तो गाडी हळू चालवायचा. एवढ्या साध्या गोष्टी. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला इतका वाईट करून ठेवला होता की यातलं काही बोलायला तिला घरात जागाच उरली नव्हती. बायका एकेका गोष्टीला "व्हय गं बाई" म्हणत होत्या. शेजारणीला तिचं स्वतःचं काहीतरी आठवलं आणि तिनं डोळ्याला पदर लावला. 

थोडं निवल्यावर आक्काचं लक्ष खिडकीकडं गेलं. "ह्यो मगापास्नं कोन रडायलाय?"

लेकीनं हुंदके आवरत तिला गाण्याचा अर्थ सांगितला. दुःखी गाणी ऐकली की त्याला बरं वाटतं, वगैरे. मला जे पटलं नव्हतं ते आक्काला एका दमात पटलं.

"खरंच हाय की त्येचं," ती म्हणाली आणि नीट कान देऊन ऐकलं, एका कलावंतानं दुसऱ्याचं ऐकावं तसं. "गळा बरा हाय. पन एकलाच रडतोय, बाई. त्येच्या गळ्यात पडायला कुनीच न्हाय व्हय?"

लेक रडता रडता हसली. "नाही ना. म्हणून मी सोबत बसत होते त्याच्या."

तेवढ्यात दारात आणखी एक शेजारीण आली. हातात टोपलं, वर फडकं. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारी घरून भाकरी-पिठलं करून आणतात आणि दुःखातल्या माणसांना हातानं घास भरवतात, त्याला कडू घास म्हणतात. या बाईनं बिचारीनं माझी बातमी ऐकल्याबरोबर भाकरी थापायला घेतल्या होत्या. मी समोर उभा दिसल्यावर तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. जित्या माणसाच्या घरी कडू घास आणला, याच्याएवढा अपशकुन नाही. ती "चुकलं, मास्तर, चुकलं" म्हणत मागच्या मागं फिरायला लागली.

"कुटं निगालीस?" आक्का म्हणाली. "ठिव हितं. आमाला लागनार हाय."

आक्कानं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि लेकीच्या तोंडाशी धरली. मला वाटलं, आता ती मान फिरवेल. तिनं तोंड उघडलं. दुसरा घास घेतला. मग टोपलं स्वतःच पुढं ओढलं आणि नाक ओढत, रडत, भाकरी खायला लागली. माझ्या बायकोच्या एवढ्या तुपाला जे जमलं नव्हतं, ते साध्या पिठल्यानं केलं. मी हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

"पप्पा," खाता खाता लेक म्हणाली, "तुम्ही पण सांगा ना. त्याच्याबद्दल. काहीतरी चांगलं."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. केसांतला साबण सुकून डोकं ताठ झालं होतं. काहीतरी हसण्यावारी न्यावं असं माझ्या मनात आलं, आणि तोंडाशीही आलं होतं. पण ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तो कोरा पेपर नव्हता.

"माझं बोलणं तो मधेच तोडायचा नाही," मी म्हटलं.

आक्कानं मान डोलावली. पुढं बोल, अशा अर्थानं.

"साखरपुड्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी त्याला माझ्या शाळेच्या गोष्टी सांगत बसलो होतो. घरातले सगळे एकेक करून उठले. सगळ्यांच्या ऐकून झालेल्या असतात. तो बसून राहिला. 'मग पुढं काय झालं?' म्हणून विचारायचा. मला वाटलं होतं, आता म्हातारपणी माझं ऐकायला..."

इथं माझा आवाज गेला. मला अजून बरंच सांगायचं होतं, पण डोळ्यांत जे आलं ते साबणानं आलेलं नव्हतं. तो मुलगा मला आवडला होता. त्याला सांगायच्या म्हणून मी गोष्टी बाजूला काढून ठेवल्या होत्या. हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो.

आक्का आता हेल काढेल असं वाटलं, पण त्याआधी लेक उठली. हातातल्या भाकरीचा तुकडा तिनं मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्यासमोर येऊन तो माझ्या तोंडाशी धरला.

"घ्या, पप्पा," ती म्हणाली. "तुमचाही गेलाय तो."